उकडा ज्योती: आमच्या पेजेचा तांदूळ आणि त्याच्या बापाचं गाव

गेले सात महिने आमच्या घरात एकाच गिरणीचा तांदूळ शिजतोय. उकडा ज्योती, म्हणजे ज्योती वाणाचं भात सालीसकट उकडून, वाळवून कांडलेला तांदूळ. दहा किलोची पिशवी, ६२० रुपये. गिरण गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, एका कुटुंबाची. पिशवीवर छापील काहीच नसतं. निळ्या शाईनं 'ज्योती' आणि त्याखाली भात उकडल्याची तारीख, एवढंच. नाव-पत्ता लिहू नका असं मालकांनी सांगितलंय, कारण हंगामाला निघणारा माल जुन्या गिऱ्हाइकांनाच जेमतेम पुरतो. तेव्हा हा अभिप्राय गिरणीपेक्षा तांदळाचा समजा. चांगला उकडा ज्योती कसा असतो हे एकदा कळलं की तुमच्या गावच्या गिरणीतही तो तुम्हाला ओळखता येईल.

मी पेडण्याचा. सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकघरात काढली, त्यातली शेवटची चौदा चीफ कुक म्हणून. थाई, व्हिएतनामी, बासमती, जपानी चिकट तांदूळ, सगळे पोत्यांनी शिजवले. पण सुट्टीवर घरी आलो की पहिल्या सकाळी मला पेजच लागायची, आणि पेज म्हणजे उकड्या तांदळाचीच.

पिशवी उघडली की मूठभर तांदूळ दारात, उजेडात नेऊन बघा. चांगला उकडा ज्योती सगळीकडून सारखा लाल नसतो. दाण्याच्या पाठीवर कोंड्याचे तांबूस पट्टे राहिलेले असतात, पोटाकडे तो मेणासारखा फिकट असतो आणि उजेड थोडा आरपार जातो. दाढेखाली धरला तर कट्कन तुटतो, त्याचं पीठ होत नाही. दाण्याच्या मध्यावर पांढरा खडूसारखा ठिपका दिसला तर वाफ आतपर्यंत पोचलेली नाही, भात अर्धं उकडलंय असं समजायचं. या गिरणीच्या तांदळात मी दोनदा शंभर-शंभर दाणे ताटात पसरून मोजले. पहिल्या खेपेला तीन दाण्यांत ठिपका होता, दुसऱ्या खेपेला एकात. तुकडा फारच कमी.

हे एवढं तपासायला लागलो त्याला कारण आहे. गेल्या वर्षी चवथीच्या आधी घाईगर्दीत बाजारातल्या एका दुकानातून पाच किलो घेतला होता. रंग इतका छान की बघत राहावं, सगळे दाणे एकाच छटेचे. धुवायला घेतला तर पाचव्या पाण्यापर्यंत लाल गळत राहिला, आणि शिजल्यावर दाणे पांढरेफटक. आईनं दोन घोट घेतले, वाटी खाली ठेवली आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला जास्त लागतं. त्या दिवसापासून मी लाल रंगावर विश्वास ठेवायचं सोडलं आणि चांगली गिरण शोधायला लागलो.

पेज कशी करावी हे गोव्यात कुणाला शिकवायला नको, पण तांदूळ पारखायचा तर पद्धत एकच ठेवावी लागते. एक वाटी तांदूळ दोन पाण्यांनी धुवून अर्धा तास भिजत. पातेल्यात आठ वाट्या पाणी, खळखळून उकळी आली की तांदूळ आत, मग आच कमी. कुकर नको. पाऊण तासानं झाकण काढलं की या ज्योतीचा दाणा मधोमध चिरलेला आणि दोन्ही बाजूंनी उघडलेला दिसतो, पण त्याचा लगदा होत नाही. चमच्यात दाणा दाणा राहतो आणि पाणी मात्र दाटसर, गुलाबी झाक असलेलं होतं. मीठ शेवटी. त्या पाण्याला जो भाजलेल्या कोंड्यासारखा मंद वास येतो, तो मिठातल्या तोरांबरोबर (कैऱ्यांबरोबर) किंवा सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) किसमुरीबरोबर काय लागतो ते मी शब्दांत सांगत बसत नाही. दुपारी हाच तांदूळ घट्ट शिजवून हुमणाबरोबर, म्हणजे माशाच्या कालवणाबरोबर. रात्री उरलेल्या भातावर पाणी घालून ठेवलं तर सकाळीही दाणा घसरत नाही.

गिरणीवर मी तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा उकड चालू होती. भात आदल्या दिवशी भिजवलेलं, मोठ्या भाणात पहिली हलकी उकड, रात्रभर तसंच, सकाळी पाणी बदलून दुसरी वाफ. मग खळ्यावर पातळ पसरून दोन दिवस उन्हात. मालकीण अनवाणी पायांनी भात उलटंपालटं करत होत्या. "पायाक कळता," त्या म्हणाल्या. किती वाळलं ते तळव्याला कळतं. उकडल्यानं कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, दाण्यातलं पिठूळ घट्ट बसतं, म्हणून कांडताना तो फुटत नाही. पाणी बदलायचा कंटाळा केला तर तांदळाला आंबूस वास राहतो आणि तो शिजवूनही जात नाही. बाजारच्या कित्येक उकड्या तांदळांत तो वास मला आला आहे. इथे नाही.

आता या तांदळाच्या बापाच्या गावाबद्दल. तांदळाच्या परीक्षणात फिलिपिन्स कुठून आलं असं वाटेल, पण मला ज्योतीची खरी ओळख तिथेच झाली.

माझ्या जहाजांवर निम्मे खलाशी फिलिपिनो असायचे. चीफ कुकला ते 'मायोर' म्हणतात. २०१० मध्ये माझा मेसमन, म्हणजे जेवण वाढणारा मदतनीस, लागुना प्रांतातला एक तरुण होता, तो मला मायोर म्हणायचा आणि काम आटोपल्यावर 'कुया', म्हणजे मोठा भाऊ. आम्ही दोघंही भातखाऊ, त्यामुळे बोलणं सारखं तांदळावर यायचं. त्यांच्याकडे शेतातलं ते पालाय, कांडलेलं ते बिगास, शिजलेलं ते कानिन. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे शेतातलंही भात आणि ताटातलाही भात, फक्त शेतात असताना 'ते भात' आणि ताटात आल्यावर 'तो भात'. त्याला हे फार आवडलं होतं.

मी घरून स्वतःपुरता तीन किलो उकडा ज्योती नेलेला असायचा. एका सकाळी त्याला बरं नव्हतं म्हणून मी पेज करून दिली. त्यांच्यातही आजाऱ्याला अशीच पातळ पेज देतात, लुगाव म्हणतात तिला, आलं घालून. त्यानं वाटी संपवली आणि तांदळाचं नाव विचारलं. पुढच्या बंदरात इंटरनेट मिळालं तेव्हा दोघांनी मिळून ज्योतीची कुळी शोधली. केरळातल्या पट्टांबीच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला वाण, १९७४ साली आलेला. आई पट्टांबीची जुनी लाल जात, पीटीबी १०. बाप आयआर ८.

ते वाचून मेसमन खुर्चीतून उठलाच. त्याचं गाव लॉस बान्योस. आयआर ८ तयार झालं ते तिथल्याच आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, आणि त्याचे वडील तिच्या शेतांत रोजंदारीवर लावणी-कापणी करायचे. "कुया, तुझ्या पेजेचा बाप आमच्या गावचा आहे," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी आमचं जहाज बातांगासला दुरुस्तीला लागलं आणि मला दोन दिवस सुट्टी मिळाली. मेसमन तेव्हा घरीच होता. बातांगासहून आम्ही त्याच्या गावी गेलो.

लॉस बान्योस म्हणजे स्पॅनिशमध्ये न्हाणीघरं. माकिलिंग नावाचा जुना ज्वालामुखी डोंगर, त्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे, आणि समोर लागुना दे बाय, त्या देशातलं सगळ्यात मोठं सरोवर. मूळ नाव माइनित, म्हणजे गरम. सोळाव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या पाण्यावर आजाऱ्यांसाठी इस्पितळ काढलं आणि १६१५ मध्ये शेजारच्या बाय गावापासून हे वेगळं झालं. बाकी मग भात, नारळ आणि सरोवरातली मासळी. डोंगरावर मारिया माकिलिंग नावाची देवता राहते, ती रानाची राखण करते, रानातून हावरटपणे काही नेलं तर वाट चुकवते, असं मेसमनच्या आईनं मला सांगितलं. आमच्या गावच्या राखणदाराची आठवण झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुको पाय विकणारी दुकानं आहेत, कोवळ्या शहाळ्याच्या मलईचं सारण भरलेली पेस्ट्री. मी गरम गरम खाल्ली, आणि कुक म्हणून सांगतो, आपल्याकडे एवढी शहाळी असून हा पदार्थ आपल्याला सुचला नाही याचं वाईट वाटलं.

अशा खेड्यात विज्ञान आलं ते १९०९ मध्ये. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. एडविन कोपलँड या वनस्पतिशास्त्रज्ञानं माकिलिंगच्या पायथ्याशी शेतकी कॉलेज काढलं, सुरुवातीचे वर्ग तंबूंत भरले. पुढच्याच वर्षी वनशिक्षणाची शाळा आली. आज तेच फिलिपिन्स विद्यापीठाचं लॉस बान्योस संकुल आहे. आवारात भलीमोठी रेन ट्रीची झाडं, आणि त्यांच्याखाली मुलं पुस्तकं घेऊन बसलेली.

बेकर हॉल नावाची एक जुनी इमारत दाखवताना मेसमन थांबला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी या कॉलेजच्या आवारात नजरकैदेची छावणी केली होती. दोन हजारांहून जास्त माणसं, बहुतेक अमेरिकी नागरिक, बायकामुलांसह, उपासमारीत. २३ फेब्रुवारी १९४५ च्या पहाटे आकाशातून छत्रीधारी सैनिक उतरले, सरोवरातून पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्या आल्या, फिलिपिनो गनिमी लढवय्यांनी बाहेरून पहारेकऱ्यांना घेरलं, आणि छावणी सोडवली गेली. याची गोष्ट पुस्तकांत आहे, असं मेसमन म्हणाला, पण गावात आठवतात ते त्यानंतरचे दिवस. जपानी सैन्य परतलं आणि सूड म्हणून आसपासच्या सुमारे दीड हजार गावकऱ्यांना त्यांनी मारलं. घरं जाळली. त्याच जमिनीवर पंधरा-सोळा वर्षांत जगाला खाऊ घालायची योजना उभी राहिली हे मला तिथे उभं असताना फार मोठं वाटलं.

१९६० मध्ये फोर्ड आणि रॉकफेलर या दोन अमेरिकी प्रतिष्ठानांनी फिलिपिन्स सरकारबरोबर भात संशोधन संस्था स्थापन केली. जागा विद्यापीठाला लागून. रॉबर्ट चँडलर पहिले संचालक. आशियात माणसं वाढत होती आणि भात वाढत नव्हतं. जुनी भातं उंच, माणसाच्या छातीला लागणारी. खत घातलं की आणखी उंच व्हायची, लोंब्या भरल्या की वाऱ्यापावसात लोळायची आणि चिखलात कुजायची. आईला विचारलं तर ती आजही सांगते, आश्विनात वारा सुटला की शेतात जाऊन बघायची भीती वाटायची.

१९६२ मध्ये पीटर जेनिंग्ज यांनी तिथे ३८ संकर केले. त्यातला आठवा संकर इंडोनेशियाच्या पेटा या उंच, जोमदार जातीचा आणि तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या बुटक्या जातीचा. पुढच्या पिढ्यांतून निवड हेन्री बीचेल यांनी केली. २८८ क्रमांकाच्या ओळीतलं तिसरं रोप. सुरजित दे दत्ता या आपल्या भारतीय शास्त्रज्ञानं १९६६ मध्ये त्यावर खताचे प्रयोग केले तेव्हा हेक्टरी नऊ टनांहून जास्त भात निघालं. त्या वर्षी नोव्हेंबरच्या २८ तारखेला ते आयआर ८ या नावानं जाहीर झालं. कमरेएवढं, ताठ, खत पचवणारं, आणि जुन्या जातींच्या साडेपाच-सहा महिन्यांऐवजी चार-सव्वाचार महिन्यांत तयार होणारं. आठवा संकर म्हणून आठ. मेसमनच्या वडिलांनी सांगितलं की फुकट बियाण्यासाठी साऱ्या देशातून दोन हजारांवर शेतकरी तिथे आले होते, बसनं, सायकलनं, चालत. प्रत्येकाला दोन किलोची पिशवी मिळाली. हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी धरल्याची खूण केली. तेव्हा ते लहान होते आणि त्यांच्या घरीही त्यातली एक आली होती.

मला आणखी एक गोष्ट तिथे कळली आणि ती मी कुणाला ना कुणाला सांगत असतो. पेटा ही जात इंडोनेशियात तयार झाली, पण तिच्या आईबापांतली एक जात लतिसाल, बंगालची. म्हणजे बंगालचं भात जावाला गेलं, तिथून लॉस बान्योसला, तिथून केरळला, आणि केरळातून आमच्या पेडण्याच्या शेतात. आपल्याच नात्यातलं माणूस लांब फिरून घरी यावं तसं.

संस्थेच्या भात संग्रहालयात नांगर, विळे, उखळं, सुपं मांडली होती. एक सूप तर हुबेहूब आमच्या घरातलं. त्याहून मनात राहिली ती बियाण्यांची पेढी. एक लाख तीस हजारांवर भाताचे नमुने, थंड खोल्यांत, काही उणे २० अंशांवर. मी काचेतून बघितलं, चंदेरी पाकिटं रांगेनं. कंबोडियात १९७० च्या दशकात यादवी आणि उपासमार झाली, तिथले कित्येक जुने वाण शेतातून नाहीसे झाले. त्याआधी त्यांचे नमुने लॉस बान्योसला येऊन पडले होते, ते १९८० च्या दशकात परत पाठवले गेले आणि लोकांनी आपलं भात पुन्हा पेरलं. एका शेतात १९६० च्या दशकापासून खंड न पडता भात घेतायत, आता वर्षाला तीन पिकं, जमीन थकते का ते बघायला. आमचे वडील एका वायंगणीनंतर, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या पिकानंतर, जमीन दमली म्हणायचे, त्यांना हे शेत दाखवायला हवं होतं.

डॉ. स्वामिनाथन १९८२ ते १९८८ या संस्थेचे महासंचालक होते. पंजाबचे गुरुदेव खुश यांनी तर तिथे पस्तीस वर्षांच्या आसपास काम केलं, आयआर ३६ आणि आयआर ६४ हे वाण त्यांच्या हातचे. एवढे आपले लोक त्या गावात राबले आणि गोव्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला मेसमननं सांगेपर्यंत गावाचं नावही माहीत नसावं, याची मला खंत वाटते. २००० मध्ये फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांनी लॉस बान्योसला विशेष विज्ञान आणि निसर्ग नगरी म्हणून घोषित केलं. पण सरकारी दप्तरात ते अजून शहर नाही, नगरपालिकेचं गावच आहे. जीपनीतून, म्हणजे तिथल्या वडापच्या जीपमधून, उतरलं की बाजारात भाजी, मासळी, शाळेची पोरं. आणि कोपऱ्यावरच्या खाणावळीत शेजारच्या टेबलावर दोन तरुण भातावरच्या विषाणूबद्दल बोलत जेवतायत.

सगळं गोड लिहिणं बरोबर नाही. आयआर ८ चा दाणा जाड आणि पोटात पांढरा, गार झाला की कडक. खायला कुणाला आवडला नाही. रोगाला तो लवकर बळी पडायचा, तुंग्रो या विषाणूनं त्याची आणि त्याच्या भावंडांची शेतंच्या शेतं पिवळी केली. तपकिरी तुडतुडे आले, त्यांच्यावर फवारे मारले, आणि फवाऱ्यानं तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि किडे आधी मेले. पीटर केनमोर यांनी लॉस बान्योसच्या आसपासच्या शेतांतच हे दाखवून दिलं की जास्त फवारा म्हणजे जास्त तुडतुडे. शेतकऱ्याला बियाण्याबरोबर खताच्या आणि औषधाच्या दुकानाची वाट दाखवली, हा या गावावरचा आरोप खोटा नाही. मेसमनच्या वडिलांनीच मला हात दाखवले, बोटांच्या चामडीला चिरा होत्या. तरुणपणी हातमोजे न घालता फवारणी केलेली.

पण चुकीतून ते शिकले हेही खरं. उत्तर प्रदेशातल्या एका रानटी भाताच्या नमुन्यात एका विषाणूला तोंड देण्याची ताकद सापडली, सहा हजारांवर नमुने तपासल्यावर, आणि ती आयआर ३६ मध्ये उतरवली. ओरिसाच्या एका जुन्या जातीतला गुण घेऊन स्वर्णा-सब१ झालं, जे दोन आठवडे पुरात बुडूनही जगतं. जुन्या जाती पेढीत ठेवल्या नसत्या तर हे कशातून करणार होते?

आणि चव? ती ज्योतीला आईकडून आली. बापाकडून बुटकेपण आणि ताठ कणा, आईकडून लाल कोंडा आणि पेजेचा वास. पट्टांबीच्या लोकांचं हे काम मला लॉस बान्योसच्या कामाएवढंच मोलाचं वाटतं, कारण त्यांना ठाऊक होतं की केरळात माणसं लाल उकडा खातात आणि पांढरा जाड दाणा ती हातात घेणार नाहीत. गोव्यात ज्योती रुजला तो याच कारणानं. आमच्याकडचा दुसरा लाडका वाण जया, तो १९६८ चा, हैदराबादहून आलेला. तो आयआर ८ चा मुलगा नाही, पण बुटकेपणाचा गुण त्याच्यातही त्याच तैवानी जातीतून आलेला आहे.

बाजारात लोक ज्योतीला दोन नावं ठेवतात. काही म्हणतात, 'गावठी तांदूळ, आमचा पूर्वापार'. काही तोंड वाकडं करून म्हणतात, 'हायब्रीड'. दोन्ही बरोबर नाही. पूर्वापार म्हणायचं तर कोरगूट, आसगो या जुन्या जातींना. आणि ज्योती हायब्रीडही नाही. तो सरळ वाण आहे. चांगल्या लोंब्या निवडून ठेवा, पुढच्या वर्षी तेच पेरा, तोच ज्योती उगवतो. दर वर्षी दुकानात जाऊन बियाणं विकत घ्यावं लागत नाही. माझ्या वडिलांनी १९८० च्या सुमारास पहिल्यांदा ज्योती लावला आणि पुढे अकरा वर्षं घरचंच बी वापरलं. आई लावणीच्या आधी परातीत मिठाचं पाणी करून त्यात भात टाकायची. तरंगलेलं कोंबड्यांना, बुडलेलं तरव्याला, म्हणजे रोपं करायला.

ज्योतीला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे खारं पाणी. आमचं खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं शेत, शापोरा नदीच्या कडेला. एका पावसात बांध फुटला, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी वाहून गेली, आणि भरतीचं पाणी तीन दिवस शेतात राहिलं. ज्योती पात्यांच्या टोकांपासून जळत गेला, आठवड्यात सगळं शेत भगवं. शेजारच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) कोरगूट होता तो उभा राहिला. जुन्या गोव्याजवळ एळा इथल्या केंद्रीय संशोधन संस्थेनं कोरगुटातूनच निवडून 'गोवा धान' नावाचे वाण काढलेत, खाजनवाल्यांनी त्यांचा विचार करावा. पण खाजनाला खरं लागतं ते बांध बांधणारी माणसं, आणि ती कुठल्या पेढीत ठेवता येत नाहीत.

आता पिशवीतल्या उणिवा. पहिल्या खेपेला खडे सापडले, दहा किलोत पाच-सहा, खळ्यावरून आलेले. मी सांगितल्यावर दुसऱ्या खेपेला दोन, तिसऱ्याला एकही नाही. पिशवी साधी विणलेली, पावसाळ्यात हवा लागते. घरी आणल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोंडा राखलेला असल्यामुळे तीन-चार महिन्यांनंतर थोडा खवट वास धरतो, म्हणून एकदम पन्नास किलो घेऊन ठेवू नका. उकडल्याची तारीख लिहिलेली असते तिचा उपयोग इथे होतो, आणि दुसरी कुठलीच गिरण ती लिहिताना मी पाहिली नाही. घरपोच देत नाहीत, स्वतः जावं लागतं. किंमत बाजारापेक्षा किलोमागे आठ-दहा रुपये जास्त आहे. ती मला पटते, कारण शिजताना हा तांदूळ फुगतो जास्त. आमच्या तिघांच्या पेजेला आधी सव्वा वाटी लागायची, आता एक पुरते.

डायबिटीस असलेल्यांना उकडा चालतो का असं गिरणीवर एक बाई विचारत होत्या. ते डॉक्टरांना विचारावं, तांदूळवाल्याला नाही.

आईचं वय आता ऐंशीच्या पुढे. पहिल्या पिशवीची पेज तिला दिली तेव्हा तिनं वाटी तोंडाला लावून पाणी आधी प्यायलं, मग बोटांनी एक दाणा काढून चेपून बघितला. "हो खरो," (हा खरा) म्हणाली, आणि आणखी मागितली. मी त्या वाटीचा फोटो मेसमनला पाठवला. तो आता दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर स्वतः चीफ कुक आहे. त्याच्या वडिलांनी उलट निरोप पाठवला, ज्योती तुमच्या शेतात किती दिवस उभा राहतो? आईला विचारून मी कळवलं, सरदीला, म्हणजे पावसाळी पिकाला, चार महिने, वायंगणीला थोडे जास्त.

पुढची उकड दिवाळीनंतर आहे. दोन पिशव्या सांगून ठेवल्यात. उकडलेलं भात उगवत नाही, म्हणून त्याबरोबर न उकडलेलं पाच किलो भातही वेगळं काढून ठेवायला सांगितलंय. यंदा आमच्या वरच्या कुणग्यात वायंगण लावायचा आहे. मिठाचं पाणी आई करणार आहे.